रंग उमटला नाही म्हणजे डिस्ट्रोफिन नाहीच?

स्नायूच्या बायॉप्सीवर (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर) अँटिबॉडी लावली, डिस्ट्रोफिनचा, म्हणजे स्नायूपेशीचं आवरण सांभाळणाऱ्या प्रथिनाचा, रंग उमटला नाही, म्हणजे प्रथिन नाहीच आणि आजार ड्युशेनच (स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा तीव्र प्रकार), हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो चुकीचा आहे.

अँटिबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही, त्याचा एक छोटासा भाग ओळखते. डिस्ट्रोफिन तर अवाढव्य: ३६८५ अमिनो आम्लांची साखळी, ७९ एक्झॉनांच्या (प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यांच्या) जनुकातून बनणारी. बेकर या त्याच आजाराच्या सौम्य प्रकारात बहुतेकदा मधला भाग गळतो, पण टोकं शाबूत राहतात आणि आखूड प्रथिन थोडंफार काम करतं. अँटिबॉडी नेमकी गळलेल्या भागाची असेल, तर काचपट्टी कोरी दिसते. म्हणून डिस-१ ही अँटिबॉडी प्रथिनाच्या मधल्या दांड्यासाठी, डिस-२ शेवटच्या टोकासाठी आणि डिस-३ सुरुवातीच्या बाजूसाठी, अशा तिन्ही लावतात. सोबत स्पेक्ट्रिन हे आवरणालगतचं दुसरं प्रथिनही तपासायलाच हवं. पेशीचं आवरणच खराब झालं असेल तर डिस्ट्रोफिन दिसणार कुठून?

उलटही घडतं. ड्युशेनच्या नमुन्यात एखाददुसरा तंतू कडेने लख्ख रंगतो. हे रिव्हर्टंट तंतू, म्हणजे ज्यांत डिस्ट्रोफिन पुन्हा बनू लागलेलं असतं. तेवढ्यावरून बेकर ठरवू नये. शंका राहिली तर जनुकतपासणी आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणारी तपासणी) करावा: पूर्ण डिस्ट्रोफिनची पट्टी ४२७ किलोडाल्टनला (हे रेणूच्या वजनाचं एकक) येते, आखूड झालेल्याची तिच्या खाली.