पारलिंगी किशोरवयीन मुले आणि कुटुंबोपचार

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि आतून जाणवणारा लिंगभाव यांचा मेळ न बसणाऱ्या किशोरवयीन मुलावर व त्याच्या आईवडिलांवर एकत्रितपणे केले जाणारे मानसोपचार. नाव, कपडे, केस आणि हाक बदलणे म्हणजे सामाजिक संक्रमण. संप्रेरके वा शस्त्रक्रिया घेणे म्हणजे वैद्यकीय संक्रमण. या वाटेवर घरात जे ताण उभे राहतात, त्यांवर हे काम चालते. मूल ‘खरोखर’ मुलगा की मुलगी याचा निवाडा करणे हे उपचारकाचे काम नव्हे. आईवडिलांना मात्र पहिल्या भेटीत नेमका तोच निवाडा हवा असतो.

मरे बोवेन, साल्वादोर मिनुचिन, व्हर्जिनिया सॅटिर यांनी विसाव्या शतकात कुटुंबोपचाराचा पाया घातला. माणसाचे दुखणे त्याच्या घरातल्या नात्यांतून सुटे काढून पाहता येत नाही, हा त्यांचा मूळ विचार. पारलिंगी मुलांच्या बाबतीत तो पोहोचायला फार उशीर झाला. कित्येक वर्षे मूल हाच रुग्ण आणि त्याला ‘सरळ’ करणे हाच उपचार मानला गेला. 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘लिंगओळखीचा विकार’ हे निदान काढून त्याजागी या विसंगतीतून होणाऱ्या मनस्तापावर बोट ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात तर ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातच उरली नाही.

उपचाराची सुरुवात बहुधा आईवडिलांना वेगळे भेटून होते, कारण मुलासमोर जे बोलू नये ते आधी कुठेतरी बोलून व्हावे लागते. अमेरिकी समुपदेशक आर्लीन लेव्ह यांनी 2004 मध्ये कुटुंबाच्या प्रवासाचे चार टप्पे मांडले : उलगडा, उलथापालथ, वाटाघाट आणि तोल सापडणे. कुटुंबोपचारक पॉलीन बॉस यांची ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पनाही येथे उपयोगी पडते. मूल समोर जेवायला बसलेले आहे, आणि तरी कोणीतरी गेल्यासारखे वाटते. हे दुःख खरे असते. ते मुलाच्या अंगावर ओतायचे नसते, इतकेच.

मराठी घरात हे दुःख सर्वांत आधी नावापाशी अडते. बारशाला आत्याने कानात सांगितलेले नाव मुलाने टाकले, की ते आईवडिलांपुरते राहत नाही. आत्या, आजी, सगळे गोत त्यात येते. म्हणून नवे नाव निवडताना थोरांना सामील करून घेतले, तर दुखावलेपण बरेच कमी होऊ शकते.

नावापाठोपाठ येते क्रियापद. इंग्रजीत सर्वनाम बदलले की बरेचसे भागते. मराठीत ‘जेवलास का’ की ‘जेवलीस का’ हे बहुतेक वाक्यांत ठरवावे लागते, आणि मुलालाही ‘मी जातो’ की ‘मी जाते’ यातून स्वतःला दरवेळी उघड करावे लागते. पण याच भाषेत वाटाही आहेत. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात, मुलींना लाडाने ‘काय रे सोन्या’ म्हणणाऱ्या आया घरोघरी आहेत, आणि ‘लेकरू दमलं’ म्हणताना नपुंसकलिंगात किती माया असते! नव्या हाकेला जीभ वळेपर्यंत आईला असा पूल वापरता येतो.

संशोधन घराच्या बाजूने बोलते. सॅन फ्रान्सिस्कोत केटलिन रायन व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये समलैंगिक व उभयलैंगिक तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात घरातून तीव्र नकार मिळालेल्यांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, नकार नसलेल्या वा थोडाच मिळालेल्यांच्या 8.4 पट आढळले. थेट पारलिंगी मुलांविषयी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना ओल्सन यांचा 2016 चा अभ्यास आहे : घराच्या पाठिंब्याने सामाजिक संक्रमण केलेल्या 3 ते 12 वर्षांच्या 73 मुलांत नैराश्य इतर मुलांइतकेच होते, चिंता किंचित जास्त. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, हे पालकांना सांगणे प्रामाणिकपणाचे.

औषधांबाबत मात्र जगात एकमत नाही. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या 2024 च्या अहवालाने पौगंडावस्था थांबवणाऱ्या औषधांमागचा पुरावा दुबळा ठरवला. फिनलंड व स्वीडननेही हात आखडता घेतला. अमेरिकेतील प्रमुख वैद्यकीय संघटनांनी दीर्घकाळ या उपचारांची पाठराखण केली, तर अनेक राज्यांनी अल्पवयीनांसाठी ते बंद केले. या वादात कुटुंबाला सोबत घेण्यावर मात्र दोन्ही बाजूंचा भर आहे.

भारतात ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी लिंगओळखीचा हक्क मान्य केला. केवळ पारलिंगी असल्याच्या कारणाने मुलाला न्यायालयाच्या आदेशाविना घरापासून वेगळे करता येणार नाही, असे पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात घातले गेले. त्यामागचा हेतू चांगला आहे. पण मारहाण होणाऱ्या घरात हेच कलम मुलाला कोंडू शकते, आणि तिथे एकत्र बसवण्याआधी मुलाची सुरक्षितता पाहणे उपचारकाला भाग असते. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी एका समलैंगिक जोडप्याच्या खटल्यात निकालाआधी स्वतः मानसतज्ज्ञाकडे बसून विषय समजून घेतला, मगच माणसाची लैंगिकता वा लिंगओळख पालटू पाहणाऱ्या ‘बदल घडवणाऱ्या’ उपचारांना मनाई केली. पुढे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

मुंबईत ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या पालकांचा गट आहे, आणि मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह समुपदेशकांना या कामाचे प्रशिक्षण देते. पुण्यात याच क्षेत्रातला समपथिक ट्रस्ट 2002 मध्ये स्थापन झाला. ‘आपलं मूल घर सोडून तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात जाईल’ ही भीती पालक बोलून दाखवतात, तेव्हा हाच प्रसंग पार केलेली दुसरी आई जे सांगू शकते, ते पदवीधर उपचारकाला सहसा जमत नाही. तालुक्याच्या गावी असे कोणी नसेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलि-मानस या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते.