आकडे उरतात, मथळा हरवतो: प्रयोगशाळेतल्या डेटाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या जुन्या प्रयोगशाळेचं कपाट उघडलं की थर दिसतात: तळाला बांधीव रजिस्टरं, त्यावर फ्लॉपी, मग सीडी आणि सगळ्यात वर वायर गुंडाळलेल्या दोन-तीन हार्ड डिस्क. यातलं हमखास वाचता येतं ते तळाचं. रजिस्टराच्या प्रत्येक पानावर रकान्यांचे मथळे असतात, त्यामुळे आकडा आणि त्याचा अर्थ यांची ताटातूट होत नाही. पुढच्या बहुतेक अडचणी या ताटातुटीतूनच आल्या.

पावसाच्या नोंदी पाहा. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नोंदी सांभाळायचं काम पुण्यात राहिलं. राष्ट्रीय डेटा केंद्रही १९७७ पासून इथेच आहे. या नोंदींत सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस मागच्या २४ तासांचा असतो, तारीख मात्र मोजणीच्या दिवसाची पडते. हे माहीत नसलेला माणूस मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या दुसऱ्या मालिकेशी ताळा करतो आणि सगळा आलेख एक दिवस सरकतो. जुने आकडे इंच-सेंटमध्ये आहेत. १०० सेंट म्हणजे १ इंच, म्हणजेच २५.४ मिलिमीटर. मथळा गळाला की ‘१५०’ म्हणजे १५० मिलिमीटर की ३८.१, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही.

पंचकार्डाने, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायच्या कार्डाने, ही गळती पक्की केली. कार्डावर रकाने ८० आणि जागेची चणचण, म्हणून वर्षाचे दोनच अंक घ्यायचे. कोणत्या रकान्यात काय आहे, ते वेगळ्या कागदावर. तो कागद हरवला की उरली भोकं. नंतर अर्ध्या इंचाची टेप आली. २४०० फुटांच्या रिळावर इंचाला १६०० अक्षरं धरली तर गणिताने ४६ एमबी होतात. ब्लॉकांमधल्या मोकळ्या जागा वजा जाता त्याहून बरीच कमी. पावसाळी दमट हवेत टेपवरचा चिकट थर सुटतो, टेप यंत्राच्या हेडला चिकटते आणि वाचता वाचताच खरवडली जाते.

यातून खरा मार्ग काढला तो खगोलशास्त्रज्ञांनी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या फिट्स फॉरमॅटमध्ये दुर्बीण, वेळ, एकक ही माहिती फाइलच्या सुरुवातीलाच साध्या अक्षरांत लिहिलेली असते. ओळ ८० अक्षरांची, थेट पंचकार्डाचा वारसा, आणि अशा ३६ ओळींचा २८८० बाइटांचा एक ब्लॉक. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथल्या निरीक्षणांवर काम करणारेही हाच फॉरमॅट वापरतात.

रसायनशास्त्राला एवढी एकी जमली नाही. प्रत्येक यंत्राबरोबर कंपनीचं सॉफ्टवेअर आणि कंपनीचाच फॉरमॅट आला. ब्रुकर कंपनीच्या एनएमआर यंत्रावर (रेणूंची रचना शोधायचं यंत्र) प्रत्येक प्रयोगाचं क्रमांकाचं फोल्डर बनतं. साध्या एकमितीय प्रयोगात ‘एफआयडी’ ही कच्च्या संकेताची फाइल, ‘अ‍ॅक्यूस’मध्ये मोजणीच्या अटी आणि ‘पीडेटा’मध्ये प्रक्रिया केलेला वर्णपट. घाईत पीडीएफ किंवा नुसतं ‘पीडेटा’ उचललं तर नव्याने प्रक्रिया करायची वाट बंद. फोल्डर १, २, ३ असे असल्याने दोन नमुन्यांचे प्रयोग एकावर एक पडतात, ते वेगळंच. नेहमी अख्खं फोल्डर उचलावं आणि बाहेरच्या फोल्डरच्या नावात तारीख, नमुना क्रमांक आणि नोंदवहीचं पान घालावं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की यादी आपोआप कालक्रमाने लागते. ‘फायनल’, ‘फायनल-नवी’, ‘फायनल-सरांना-दिलेली’ यांतली शेवटची कोणती, हे सरांनाही सांगता येत नाही.

एक्सेलने वेगळाच घोळ घातला. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ ही जनुकांची नावं ते गुपचूप तारखांमध्ये बदलायचं. शेवटी २०२० साली जनुकांचीच नावं बदलली गेली! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सएलएस फॉरमॅटच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेमुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून निसटले. कच्चा डेटा सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) ठेवावा आणि एक्सेलमध्ये आणताना अशा स्तंभांचा प्रकार ‘टेक्स्ट’ निवडावा. सीएसव्हीवर थेट दोनदा क्लिक करून उघडली की घोळ पुन्हा होतो.

भारत सरकारचं डेटा वाटपाचं धोरण २०१२ चं, ‘फेअर’ तत्त्वं (डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा) २०१६ ची. दोन्हींत मोठे शब्द भरपूर आहेत. बाकावर मात्र त्याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल हवी: स्तंभांची नावं, एककं, यंत्र, सॉफ्टवेअरची आवृत्ती, गाळलेल्या मोजण्या आणि त्या का गाळल्या.

प्रती तीन, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल ती सगळ्या डिस्कवर तितक्याच तत्परतेने डिलीट करते. एफएटी३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची फाइल मावत नाही, आणि मोठ्या फोल्डरची कॉपी करताना नेमकी तेवढीच वगळली गेली तर सहज लक्षात येत नाही. म्हणून कॉपीआधी आणि नंतर एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) काढून जुळवावा. विद्यार्थी पीएचडी संपवून निघाला की ना-हरकत दाखल्यावर सही करण्याआधी प्रबंधातली एक आकृती निवडावी आणि ती सर्व्हरवरच्या कच्च्या फाइलींपासून दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्यावी, त्या विद्यार्थ्याला फोन न करता.