मूळ पदार्थ परत मिळतो का? : भौतिक आणि रासायनिक बदलांमागील एका निकषाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यातल्या शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना भौतिक आणि रासायनिक बदलांतला फरक विचारला, तर बहुधा एकच उत्तर येते : मूळ पदार्थ परत मिळाला तर बदल भौतिक, नाही मिळाला तर रासायनिक. हे उत्तर पाठ करायला सोपे आहे, आणि वितळणारा बर्फ व जळणारा कागद एवढ्यापुरते ते खरेही ठरते. पण गिरणीतून दळून आणलेल्या पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, आणि जिनिंगमध्ये सरकीपासून सुटलेली रुई पुन्हा बोंडात जाऊन बसत नाही; तरीही हे दोन्ही बदल भौतिकच आहेत. परत मिळण्याचा हा निकष फार जुना आहे, आणि तो मागे का पडला हे समजण्यासाठी कुंभाराच्या आव्यापासून सुरुवात करावी लागते.

कच्चे मडके पाण्यात ठेवले तर त्याचा चिखल होतो, भाजलेले मडके तेच पाणी उन्हाळाभर धरून ठेवते. या बदलाने प्राचीन भारतीय तत्त्वज्ञांना एका दीर्घ वादात गुंतवले होते. कणादांच्या परंपरेतील वैशेषिकांचे म्हणणे असे की, आच लागताच मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, परमाणूंचा काळा रंग जाऊन तेथे लाल रंग येतो आणि त्या बदललेल्या परमाणूंचे नवे मडके बनते. या मताला पीलुपाकवाद म्हणतात. न्याय दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे पटले नाही. मडके क्षणभर जरी नाहीसे झाले असते तरी त्याच्यावर रचलेली मडकी कोसळली असती, असा त्यांचा बिनतोड आक्षेप होता. मडके सच्छिद्र असल्यामुळे अग्नी आत शिरतो आणि मडके न मोडता अखंडच पालटते, हा त्यांचा पिठरपाकवाद. आजच्या दृष्टीने दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर आहेत : मडके मोडत नाही, पण मातीच्या कणांच्या रचनेत बांधलेले पाणी तीव्र उष्णतेने कायमचे निघून जाते, आणि लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. वाद मात्र तर्कावर चालला. आव्यात घालण्यापूर्वी आणि नंतर मडके तोलून पाहावे, असा विचार त्यात दिसत नाही.

प्रत्यक्ष कसोटी मांडली ती रसशास्त्राने, म्हणजे पारा व धातूंपासून औषधे बनवण्याच्या जुन्या विद्येने. रसरत्नसमुच्चय या मध्ययुगीन ग्रंथात धातूचे भस्म, म्हणजे धातू भाजून केलेली औषधी पूड, नीट तयार झाले की नाही हे ओळखण्याच्या परीक्षा आहेत. भस्म पाण्यावर तरंगले तर ते वारितर, बोटांच्या रेषांत शिरून बसले तर रेखापूर्ण. तिसरी परीक्षा आपल्या विषयाची आहे : गूळ, गुंजा, टाकणखार (बोरॅक्स), मध आणि तूप यांच्यासह भस्म धमनभट्टीत तापवायचे, आणि तरीही धातू परत आला नाही तर ते अपुनर्भव समजायचे. शालेय उत्तरातला ‘परत मिळत नाही’ हा भाग येथे शब्दशः भेटतो. त्यातला बारकावा असा की, हा निकष भस्माच्या पक्केपणाचा होता. काही भस्मांतून धातू परत येतो हे वैद्यांना माहीत होते, म्हणून तर परीक्षेची गरज पडली.

आणि धातू परत येतो याचा पुरावा विदर्भाच्याच जमिनीत आहे. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यात नाईकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीबरोबर लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. लोहखनिज म्हणजे गंजाच्याच जातीचे, ऑक्सिजनशी बांधलेले लोह. कोळशाच्या आचेत तो ऑक्सिजन निघून जातो आणि लोखंड उरते. लोखंडाला गंज चढणे हे अपरिवर्तनीय बदलाचे ठरलेले उदाहरण. त्याच्या उलट दिशेचे काम येथले कारागीर इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकात करत होते.

निकष बदलला तो तराजूमुळे, आणि त्यात चुन्याचा वाटा मोठा आहे. वणी तालुक्यात राजूरच्या चुनाभट्ट्या पाहिलेल्या माणसाला दगड भाजून मिळणारा कळीचा चुना मूळ दगडापेक्षा हलका लागतो हे सांगावे लागत नाही. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच तोलून पाहिले. १२० ग्रेन (वजनाचे एक जुने, लहान एकक) खडू भाजल्यावर ६८ ग्रेन चुना उरला. तो सौम्य अल्कलीच्या, म्हणजे कार्बोनेट क्षाराच्या, द्रावणात टाकून, धुऊन, वाळवल्यावर ११८ ग्रेन पूड मिळाली, आणि ती पुन्हा खडूच होती. दोन ग्रेनचा फरक सोडला तर सारे परत आले होते. भाजताना जे गेले आणि त्या क्षारातून परत आले तो एक वायू होता. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. दिवाळीच्या आधी भिंतीला दिलेला चुना हवेतून तोच वायू शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा होतो. म्हणजे रासायनिक बदल आणि तोही परत फिरणारा, दरवर्षी घरोघरी घडतो.

फ्रान्सच्या आंत्वान लावाझिए यांनी बंद भांड्यात कथील तापवून एकूण वजन बदलत नाही हे १७७४ मध्ये दाखवले. तेव्हापासून प्रश्न ‘परत येते का’ यावरून ‘कशातून काय बनले’ याकडे वळला. १७८९ च्या त्यांच्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी होती आणि तीत चुनाही होता, कारण तो आणखी फोडता येत नव्हता. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने त्यातून कॅल्शियम वेगळे केले. त्याच वर्षी जॉन डाल्टन यांच्या अणुसिद्धांताच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला, आणि रासायनिक बदल म्हणजे अणूंची नवी जुळणी ही व्याख्या रुळू लागली.

तरी शब्द अजून घोळ घालतात. साखर पाण्यात विरघळते आणि कळीचा चुना पाण्यात विरवतात, म्हणून दोन्ही गोष्टी मुलांना एकच वाटतात. साखरेचे पाणी आटवले की साखर मिळते. चुना मात्र विरताना पाणी उकळवतो, आणि त्यातून उरते ती पांढरी पूड कळीचा चुना नसते; पाणी तिच्यात बांधले गेलेले असते.