फॅटी लिव्हर आणि लिव्हरमधला रक्तप्रवाह

लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. वजन-शुगरमुळे होणाऱ्या प्रकाराला २०२३ मध्ये एमएएसएलडी असं नवं नाव मिळालं, पण इंदूरला सगळे फॅटी लिव्हरच म्हणतात, आणि "ग्रेड वन (सगळ्यात सौम्य) आहे, काही नाही" म्हणून सोनोग्राफीचा रिपोर्ट कपाटात जातो.

लिव्हरला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळतं, त्यातला जवळपास पाऊण हिस्सा आतड्यांकडून पोर्टल व्हेनने आणि बाकीचं हेपॅटिक आर्टरीने, आणि हे दोन्ही सायनुसॉइड नावाच्या इतक्या बारीक वाटांत मिसळतं की लाल पेशी तिथून जेमतेम पास होते. खरी अडचण इथेच. चरबीने फुगलेल्या पेशी दोन्ही बाजूंनी या वाटा दाबतात, रात्री इंदूरच्या सराफ्यात (खाण्याच्या बाजारात) दुकानं बाहेर सरकली की गल्ली उरते तेवढीच जागा रक्ताला उरते. शिवाय वाटेच्या अस्तराची छिद्रं बुजायला लागतात, वाट सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, आणि वाटेला लागून असलेल्या स्टेलेट पेशी जाग्या होऊन आवळायला लागतात, पुढे त्याच कोलॅजन (कडक तंतू) टाकून वाट कडक करतात.

पोर्टलचं रक्त कमी झालं तर आर्टरी आपला प्रवाह वाढवून थोडी भरपाई करते, पण पूर्ण नाही.

बरेच लोक समजतात की पोर्टल प्रेशर (पोर्टल व्हेनमधला दाब) फक्त सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झाल्यावरच वाढतं, तसं नाहीये, फॅटी लिव्हरमध्ये ते आधीपासून थोडं वाढलेलं सापडू शकतं. लिव्हरच्या दोन टोकांमधला प्रेशरचा फरक नॉर्मली पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत असतो, १० किंवा जास्त झाला की अन्ननलिकेच्या शिरा फुगण्याची, पोटात पाणी होण्याची भीती, स्प्लीन (प्लीहा) पण मोठी होते. ही वेळ मात्र बहुतेक सिरॉसिसपर्यंत पोचलेल्यांवरच येते, ग्रेड वनवाल्यांनी लगेच घाबरून जाऊ नये.

डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या हेपॅटिक व्हेनची लाट नॉर्मली वरखाली तीन टप्प्यांची दिसते, चरबी वाढली की ती सपाट होत जाते, पोर्टलचा वेगही कमी सापडतो. यावरून सिरॉसिस ठरवता येत नाही, त्यासाठी लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन वगैरे. आणि रक्तातलं एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून सगळं ठीक असंही नसतं.

वजन ७ ते १० टक्के उतरवलं तर चरबी आणि सूज कमी होते, पेशी आटतात आणि वाटा मोकळ्या व्हायला जागा मिळते. पोहे-जिलबीतले पोहे राहू द्या, जिलबी आणि गराडू (तळलेला कंद) कमी करा, दारू बंदच. कोलॅजन साठून कडक झालेला भाग मात्र सावकाश सुटतो, कधी पूर्ण सुटतही नाही.