पार्श्वभूमी: नाइलाज, ताबा आणि वीस किलो

मनाविरुद्ध गांजा वाहून नेणाऱ्या माणसावर ब्लॅक कॉमेडी रचायची आणि ती विदर्भातल्या एखाद्या गावात घडवायची, तर पटकथा पाठलागावर उभी राहत नाही. ती 'नाइलाज' या शब्दावर उभी राहते. पोरीचं लग्न तोंडावर आलंय, सावकार दारात बसलाय, संत्र्याचे कॅरेट उतरवून गाडी रिकामी परत न्यायची आहे आणि परतीचं भाडं मिळत नाही. प्रेक्षकाला या माणसाची बाजू लगेच पटते. कायद्यात मात्र तिला जागा नाही, आणि या प्रकारच्या चित्रपटातला सगळा काळा विनोद याच फटीतून येतो.

मागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ब्रिटिश काळात गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात विकला जाई. 1893-94 च्या चौकशी आयोगाने सरसकट बंदीच्या विरोधात मत दिलं होतं. अमली पदार्थांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर वारं बदललं आणि 14 नोव्हेंबर 1985 पासून आजचा अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. त्यात गांजासाठी कमाल शिक्षा पाच वर्षं होती, मग माल एक पोतं असो की ट्रकभर.

ऑक्टोबर 2001 पासून शिक्षा वजनावर ठरू लागली. एक किलोच्या आत ते 'अल्प' प्रमाण आणि वीस किलोपेक्षा जास्त ते 'व्यापारी' प्रमाण. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होते. व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाखांचा दंड. कलम 37 मुळे जामीनही जवळजवळ बंद. बरोबर वीस किलो भरलं तर ते व्यापारी ठरत नाही, कारण कायद्याचे शब्द 'पेक्षा जास्त' असे आहेत. म्हणून या कथेतला खरा ताण वजनकाट्याशी आहे. बारदानासह वजन धरलं की बारदान वजा करून, ओला माल मोजला की सुकलेला, यावर दहा वर्षांचा फरक पडू शकतो.

आता 'ताबा'. नायक म्हणतो, "पोतं माह्यं नाही साहेब, गाडी तेवढी माह्याजवळ होती." कायदा आधी विचारतो, पोतं तुमच्या नियंत्रणात होतं का; मग विचारतो, त्यात काय आहे ते ठाऊक होतं का. दोन्ही मिळून 'जाणीवपूर्वक ताबा' होतो. पण कलम 35 प्रमाणे न्यायालय ती जाणीव गृहीत धरतं, आणि ती नव्हती हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचं असतं. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच खासगी गाडीतल्या पाचही जणांचा ताबा जाणीवपूर्वक मानला. 2008 च्या निकालाने याला थोडा आवर घातला: मूळ जप्तीची वस्तुस्थिती आधी सरकार पक्षाने सिद्ध करायची, गृहीतक त्यानंतर. आमच्या मते पटकथाकाराने हा 2008 चा निकाल नीट वाचायलाच हवा. वकिलाच्या प्रसंगाला धार त्यातूनच येते.

नकळत नेलं आणि नाइलाजाने नेलं यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक पटकथेत होते. नकळत नेलं असेल तर निदान बचाव आहे. नाइलाजाने नेलं म्हणजे ठाऊक होतं, आणि तिथे बचाव संपतो. जबरदस्तीची सवलत भारतीय न्याय संहितेच्या कलम 32 मध्ये आहे, पूर्वी ती दंडसंहितेच्या कलम 94 मध्ये होती. पण ती तत्काळ मृत्यूच्या धमकीपुरतीच आहे. कर्ज, उपासमार, सावकाराचा तगादा त्यात बसत नाहीत. नायक जितक्या कळवळून आपली अडचण सांगेल तितकी त्याची जाणीव सिद्ध होत जाते. हा प्रसंग अंगावर येतो तो त्यामुळेच. फक्त 2020 नंतरच्या कथेत तपास अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून वाचून दाखवू नये. तो ग्राह्य नाही असा निकाल त्या वर्षी झाला आहे.

पंचनाम्याचा प्रसंगही बहुतेक वेळा चुकतो. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा, अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50 चा हक्क अंगझडतीपुरता आहे. पोत्याला आणि गाडीला तो लागू नाही. पंचनाम्यात ठरावीक वाक्य असतं: हिरवट, ओलसर, उग्र वासाची पाने, फुले, बोंडे, बिया, काड्या. कायद्यात मात्र गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या गांजात मोडत नाहीत. शेंडे वेगळे न करता सगळं एकत्र तोललं की बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. नमुना 24 ग्रॅमचा, दोन प्रतींत आणि लाखेने सीलबंद. 2016 च्या निकालानंतर, आणि 2022 च्या नियमांनी तर स्पष्टपणे, तो दंडाधिकाऱ्यासमोर घ्यावा लागतो. रस्त्याच्या कडेला चिमूट चिमूट घेऊन एकत्र कालवलेला नमुना पडद्यावर छान दिसतो, पण खटल्यात तो टिकेलच असं नाही.

विदर्भाची निवड योग्यच आहे. ओडिशा-आंध्रच्या डोंगरपट्ट्यातून येणारा माल छत्तीसगड किंवा तेलंगणातून इकडे शिरतो, आणि नागपूरला राष्ट्रीय महामार्ग 44 व 53 एकमेकांना छेदतात. शिवाय इथल्या माणसाला वाहतुकीचा गुन्हा दारूमुळे आधीपासून ओळखीचा आहे. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून, गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. त्यामुळे कथेचं साल आधी पक्कं करावं लागतं. 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडून वर्धा नदीचा पूल ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात येणाऱ्या गाडीत दारूची पेटीसुद्धा लपवावी लागत असे. 2022 मध्ये त्याच पुलावर पेटीला कुणी हात लावणार नाही, अडवलं तर ते पोत्यासाठीच.