एचपीटी महाविद्यालय आणि कॉलेज रोड, नाशिक

एचपीटी हे नाशिकमधील सर्वांत जुने महाविद्यालय. गोखले एज्युकेशन सोसायटीने ते १९२४ मध्ये सुरू केले. हंसराज प्रागजी ठाकरसी यांचे नाव त्याला आहे. कागदोपत्री ते एचपीटी कला आणि आरवायके विज्ञान महाविद्यालय असे लिहिले जाते. नाशिककरांच्या बोलण्यात मात्र नुसते ‘एचपीटी’ पुरते.

त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलाला पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. विनायक दामोदर सावरकर भगूरचे, त्यांची मॅट्रिक नाशिकला झाली. पण पुढच्या शिक्षणासाठी १९०२ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले. ज्या घराला परगावचा खर्च झेपत नसे तिथे शिक्षण मॅट्रिकलाच थांबे, आणि मुलीला एकटीने परगावी धाडायला फारशी घरे तयार नसत. या महाविद्यालयाचे मोल इथे आहे. प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी १९ फेब्रुवारी १९१८ रोजी, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुण्यतिथीला, संस्था स्थापन केली होती. आज हा परिसर कुलकर्णी यांच्याच नावाने प्राचार्य टी. ए. कुलकर्णी विद्यानगर म्हणून नोंदलेला आहे.

आरंभी महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाल्यावर ते त्याच्या कक्षेत आले. १९५७ मध्ये वाणिज्य शाखेचे बीवायके महाविद्यालय त्याच्या शेजारी उभे राहिले. विधी व महिला महाविद्यालयांचीही भर पडली. बीवायकेची घडी बसवण्यात सर डॉ. मो. स. गोसावी यांचा वाटा मोठा. संस्थेचा कारभारही त्यांनी अनेक दशके सांभाळला.

महाविद्यालयाचा साहित्याशी असलेला संबंध नुसता नामोल्लेखापुरता नाही. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, इथले विद्यार्थी. ते कॉलेजात होते त्या काळातच, १९३० मध्ये, काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि १९३२ मध्ये तेही त्यात सामील झाले. नाटककार वसंत कानेटकर यांनी इथे सुमारे पंचवीस वर्षे मराठी शिकवले. व्यावसायिक रंगभूमी मुंबई-पुण्यात असताना तिच्यासाठी लिहिणारा माणूस सकाळी नाशिकच्या वर्गात तास घेत होता, ही गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांसाठी फार मोलाची होती: नाटक लिहिणारा हाडामांसाचा असतो, हजेरी घेतो आणि उत्तरपत्रिकाही तपासतो, हे त्यांना रोज दिसत होते. पुढे पत्रकारितेचा अभ्यासक्रमही इथे आला.

गंगेकाठचे, म्हणजे गोदावरीकाठचे, जुने गाव आणि महाविद्यालय यांच्यामध्ये पूर्वी बरीच मोकळी जमीन होती. शहर पश्चिमेकडे वाढले तसे मळ्यांचे प्लॉट झाले. येवलेकर मळा, विसे मळा ही नावे तेवढी राहिली. तिथे आता इमारती, क्लासेस आणि कपड्यांची दुकाने आहेत. रस्त्याला कॉलेज रोड म्हणतात ते याच महाविद्यालयांमुळे. आज अनेकांना तो खाण्यापिण्याचा आणि खरेदीचा रस्ता म्हणूनच माहीत आहे, पण या गजबजीला पहिले गिऱ्हाईक दिले ते विद्यार्थ्यांनी.

हे विद्यार्थी केवळ शहरातले नाहीत. निफाड, दिंडोरी, सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबक या तालुक्यांतून एसटीचा पास काढून, डबा घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण मोठे. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरायचे आणि पुढचे अंतर शहर बसने, शेअर रिक्षाने किंवा सरळ पायी तोडायचे. निफाड-दिंडोरीच्या मुलांचे वर्षाचे गणित द्राक्षबागेशी बांधलेले असते. ऑक्टोबरच्या छाटणीला पहिल्या सत्राची परीक्षा गाठते आणि मार्चमध्ये काढणी जोरात असताना दुसऱ्या सत्राचा अभ्यास. मजूर मिळाले नाहीत की घरातली मुले बागेत उतरतात, मग हजेरीचा प्रश्न उभा राहतो. बागाईतदार घरातल्या पहिल्या पदवीधराने कोणत्या परिस्थितीत पेपर दिले, हे गुणपत्रिकेत कुठेच येत नाही.

१९६९ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे केटीएचएम महाविद्यालय गंगापूर रोडला निघाले आणि ग्रामीण विद्यार्थ्यांना दुसरा मोठा पर्याय मिळाला. तेव्हापासून क्रीडास्पर्धा असोत की एकांकिका, या दोन महाविद्यालयांची चुरस नाशिकमध्ये चवीने बोलली जाते.