भिंतीचा रंग आधी खिडकीला विचारा

शेड कार्डावर मनात भरलेला फिकट पिस्ता मागच्या दिवाळीआधी आम्ही आतल्या खोलीला दिला. पहिल्याच संध्याकाळी दिवा लावला आणि भिंती आजारी माणसाच्या चेहऱ्यासारख्या दिसू लागल्या. पेंटरने डबा बरोबरच आणला होता. वेगळा होता तो प्रकाश.

रंगातली द्रव्यं प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात आणि उरलेला परत पाठवतात. जो प्रकाश खोलीत आलाच नाही, तो भिंत परत कुठून पाठवणार? जुन्या पिवळ्या बल्बच्या (सुमारे 2700 केल्विन; हा आकडा जितका मोठा, तितका उजेड पांढरा-निळसर) उजेडात निळा फार थोडा असतो, म्हणून त्याखाली निळसर भिंत मळकट करडी वाटते. 6500 केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा भरपूर, पण गडद लाल कमी. पिस्त्यातली ऊब तिथेच हरवते. दुकानात पडद्याला तंतोतंत जुळलेला रंग घरी वेगळा पडतो, तोही बहुधा याच कारणाने.

दिवसाच्या उजेडाबद्दल एक सल्ला सगळीकडे दिसतो: उत्तरेची खोली थंड, तिला उबदार रंग द्या. युरोपात तो बराचसा लागू पडतो. पुणं मात्र 18.5 अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येतं. पाठोपाठ पावसाळी ढगांचा सपाट, करडा उजेड. दक्षिणेच्या खोलीत उलट डिसेंबरचं ऊन आतपर्यंत पोचतं, कारण तेव्हा दुपारी सूर्य जेमतेम 48 अंश वर असतो. शिवाय आपल्या शहरांत खिडकीतून आकाशापेक्षा शेजारची इमारतच जास्त दिसते. ती विटकरी असेल तर तुमच्या पांढऱ्या भिंतीवर गुलाबी झाक येणार, समोर आंब्याचं झाड असेल तर हिरवट. दिशेपेक्षा हे आधी बघावं, असं मला वाटतं.

आणि भिंती एकमेकींवरही रंग टाकतात. समजा, एक पिवळा रंग पिवळ्या-लाल प्रकाशाचा 80 टक्के आणि निळ्याचा 50 टक्के भाग परत पाठवतो. तोच प्रकाश समोरच्या भिंतीवर पुन्हा आपटला की उरतात 64 आणि 25. म्हणजे दुसऱ्याच उसळीत पिवळेपणा कितीतरी वाढला! कार्डावरच्या इवल्याशा चौकोनाला समोरची भिंत नसते. चारही भिंतींना एकच रंग द्यायचा असेल, तर मनातल्या छटेहून एक पायरी फिकी घ्यावी. लहान खोलीत तर नक्कीच.

डबा घेण्याआधी दोन फुटी पुठ्ठ्यावर त्या रंगाचे दोन हात मारा आणि पुठ्ठा खिडकीसमोरच्या, तसंच खिडकीलगतच्या भिंतीला टेकवून बघा. सकाळी आठला, दुपारी एकला आणि रात्री दिवा लावून. कोणते दिवे लावणार, हे मात्र त्याआधी ठरवा.

आमच्या खोलीला पुन्हा रंग द्यावा लागला नाही. 4000 केल्विनचे, रंग अधिक खरे दाखवणारे दिवे आणले आणि त्या रात्री भिंतीवर पिस्ता दिसला.